गंगेकाठचे तीन वाडे

नाशिकचा माणूस गोदावरीला गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतो. गंगेला पूर आला की तो आकडा विचारत नाही. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्यापर्यंत पाणी आले, कमरेला लागले, छातीवर चढले, अशी त्याची मोजणी असते. मारुती बुडाला की पुढचा प्रश्न सराफ बाजाराचा. तिथले व्यापारी दुकानातला माल वर चढवू लागतात आणि बघ्यांची नजर सरकारवाड्याच्या पायऱ्यांकडे वळते. पाणी पायऱ्यांना लागले, ही बातमी मग घराघरांत पोहोचते.

हे पाणी येते वरून, म्हणजे पश्चिमेकडून. 1965 साली पूर्ण झालेल्या गंगापूर धरणाचे दरवाजे उघडले की ते सोमेश्वराच्या धबधब्यावरून उडी घेते, आनंदवल्लीच्या काठाने वाहते, अहिल्याबाई होळकर पुलाखालून निघून रामकुंडावर पसरते. वाटेत लागणारी गंगापूर, आनंदवल्ली आणि सरकारवाडा ही तीन नावे आजच्या नाशिककराला धरण, उपनगर आणि बाजारातली एक जुनी इमारत एवढीच ठाऊक असतात. अडीचशे वर्षांपूर्वी या तीन ठिकाणी पेशव्यांच्या एकाच घरातली तीन बिऱ्हाडे होती. गंगापूरला पेशव्यांची आई, आनंदवल्लीला पेशव्यांचा काका आणि नदीकाठच्या पेठेत खुद्द पेशव्यांचा, म्हणजे सरकारचा वाडा. मराठी राज्याच्या शेवटच्या साठ वर्षांचा बराचसा कलह या काही मैलांच्या काठावर मावतो.

'सरकारवाडा' हे नाव आधी नीट ऐकायला हवे. विंचूरकरांचा वाडा, राजेबहाद्दरांचा वाडा, हिंगण्यांचा वाडा या नावांतून मालक कोण ते कळते. सरकारवाडा म्हटले की मालकाचे नाव येत नाही, पद येते. पुण्याहून स्वारी येईल ती इथे उतरेल, एरवी सरकारचा कारभार इथून चालेल, असा त्याचा अर्थ. आज मुंबईत मुख्यमंत्री 'वर्षा' बंगल्यावर राहायला जातात आणि पद गेले की सामान बांधून निघतात. घर पदाचे आहे, माणसाचे नाही, हे सर्वांना मान्य असते. पेशवाईत पद वंशपरंपरेचे, घर एकत्र कुटुंबाचे आणि दौलत त्याच कुटुंबाच्या पराक्रमाची. मग सरकार म्हणजे नेमके कोण? गादीवर बसलेला सोळा वर्षांचा मुलगा, त्याला वाढवणारी आई, की अटकेपर्यंत फौज नेऊन आलेला चुलता? या प्रश्नाचे उत्तर पुण्यात मिळेना तेव्हा त्यातले दोघे रुसून नाशिकला आले.

नाशिकच का, याचे कारण सोपे आहे. मोगली अमलात या गावाचे नाव गुलशनाबाद होते. अठराव्या शतकाच्या मध्यात ते मराठ्यांच्या हाती पुरते स्थिरावले, जुने नाव परत आले आणि गावाचे रूप पालटू लागले. गंगेच्या काठावर सरदारांची जणू चढाओढ लागली. नारोशंकर राजेबहाद्दरांनी 1747 मध्ये रामेश्वराचे देऊळ बांधले. त्यावरची घंटा वसईच्या विजयातली पोर्तुगीज घंटा आहे. होळकरांचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी 1756 मध्ये सुंदरनारायण उभारला. पुढे सरदार रंगराव ओढेकरांनी काळारामाचे भव्य मंदिर बांधले. त्र्यंबकेश्वराच्या काळ्या पाषाणातल्या मंदिराचे काम तर खुद्द नानासाहेब पेशव्यांनी हाती घेतले होते.

पेशव्यांचे इथले क्षेत्रोपाध्ये हिंगणे. त्यांच्यातल्या महादेवभटांना बाळाजी विश्वनाथ 1719 च्या दिल्ली स्वारीत बरोबर घेऊन गेले आणि पुढे हे घराणे दिल्लीत मराठ्यांची वकिली करू लागले. तीर्थातल्या उपाध्यायाने बादशाही दरबारातले राजकारण सांभाळावे, असे हे गाव होते. म्हणूनच पुण्यातून पाय काढणाऱ्या माणसाला नाशिक सोयीचे पडे. 'गंगेवर जातो' म्हटले की त्याला कोणी बंड म्हणू शकत नसे. स्नानाला जाणाऱ्या माणसाला अडवणार कोण?

सरकारवाडा उभा राहिला तो याच भरभराटीच्या काळात, नदीपासून हाकेच्या अंतरावर. उंच दगडी जोते, रस्त्यावरून चढत जाणाऱ्या पायऱ्या, आत चौक, भोवती लाकडी खांबांच्या ओळी आणि कोरीव कामाने नटलेल्या तुळया, असे त्याचे रूप. शनिवारवाड्यासारखा बुरुजबंद दरारा त्याला नाही. तीर्थक्षेत्रातले ते सरकारी बिऱ्हाड होते, वेढ्याला तोंड देणारी गढी नव्हती. पण जोते मात्र उंच घेतले. त्या काळच्या बांधणाऱ्यांना शत्रूपेक्षा गंगेची भीती अधिक असावी.

पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी थोरला मुलगा विश्वासराव पडला आणि त्याच वर्षी 23 जूनला नानासाहेब गेले. त्यांच्या पत्नी गोपिकाबाईंच्या पदरात राहिले ते माधवराव आणि नारायणराव. रास्त्यांची ही लेक करारी होती. नवऱ्याच्या हयातीतच कारभाराचे बारकावे तिने पाहिलेले होते. सोळा वर्षांचा मुलगा पेशवा झाल्यावर दौलतीवर आपला डोळा असायला हवा, असे तिला वाटले यात नवल नाही. पण माधवराव आईच्या ओंजळीने पाणी पिणारा नव्हता. न्यायाच्या आणि शिस्तीच्या बाबतीत तो नात्याचा मुलाहिजा ठेवीना. आईची शिफारसही त्याला कारभारात नको होती. मायलेकांत वितुष्ट आले आणि 1763 च्या सुमारास गोपिकाबाईंनी पुणे सोडले. नाशिकपासून पश्चिमेला दोनेक कोसांवर असलेल्या गंगापूरला त्यांनी मुक्काम केला. तिथेच त्यांचे उरलेले आयुष्य गेले.

गावात सरकारवाडा असताना त्या गंगापूरला का राहिल्या? कागदोपत्री कारण काहीही असो, अर्थ उघड आहे. सरकारवाड्यात राहणे म्हणजे सरकारच्या, पर्यायाने मुलाच्या छताखाली राहणे. पुण्याहून दूर, पण नाशिकच्या बातमीच्या टप्प्यात, अशी ती जागा होती. पत्रे येत-जात राहिली. मुले भेटीला येत. रामकुंडाची दुरुस्ती त्यांच्या नावावर आहे. म्हणजे हात अगदीच आखडला नव्हता.

दुसरे बिऱ्हाड चुलत्याचे. रघुनाथराव, उर्फ राघोबादादा, हे नानासाहेबांचे धाकटे भाऊ. अटकेच्या मोहिमेने त्यांचे नाव दुमदुमले होते. पुतण्या गादीवर आणि आपण त्याच्या हुकमात, हे त्यांना कधीच पचले नाही. 12 नोव्हेंबर 1762 रोजी आळेगावला काका-पुतण्यांच्या फौजा समोरासमोर आल्या. राज्य फुटू नये म्हणून माधवराव स्वतः काकांच्या छावणीत जाऊन स्वाधीन झाला. पुढच्या वर्षी 10 ऑगस्टला राक्षसभुवनावर निजामाविरुद्ध दोघे एकत्र लढले आणि जिंकले. त्या विजयाने माधवरावाचे वजन वाढले, तसे दादांचे कमी होत गेले. मग दादांची एक ठरावीक भाषा सुरू झाली. आम्हाला कारभार नको, गंगेवर स्नानसंध्या करीत बसतो, असे ते म्हणत. आणि मग, आमची अर्धी वाटणी द्या, हे त्यालाच जोडून येई.

स्नानसंध्येसाठी त्यांनी निवडलेली जागा म्हणजे नाशिक आणि गंगापूर यांच्यामधले चावंडस हे गाव. तिथे वाडा झाला, आणि पत्नी आनंदीबाईच्या नावावरून गावाचे नाव आनंदवल्ली पडले. नवश्या गणपतीचे देऊळही दादा-आनंदीबाईंच्या नवसाशी जोडून सांगितले जाते. वाटणी मागणाऱ्या माणसाने आपल्या घराला आनंदाचे नाव द्यावे, आणि एक कोसभर वर त्याच नदीवर त्याची रुसलेली भावजय राहत असावी. दीर-भावजयीचे पटत नव्हते हे वेगळे सांगायला नको. गंगापूरला वाहिलेले निर्माल्य दुसऱ्या प्रहरी आनंदवल्लीच्या घाटाला लागत असेल.

1767 च्या पावसाळ्याअखेरीस माधवराव स्वतः आनंदवल्लीला आला. हा प्रसंग थांबून पाहण्यासारखा आहे. पेशवा पुण्यात बसून हुकूम पाठवू शकला असता. तो काकाच्या दारी आला, कारण काका अजून नुसता प्रजाजन झालेला नव्हता. कर्जफेडीची बोलणी झाली, मुलुखाची झाली, तडजोडीचे कागद झाले. वाटणी मात्र त्याने मान्य केली नाही. पैसा घ्या, मान घ्या, नेमणूक घ्या, राज्य एकच राहील, असा त्याचा एकूण पवित्रा होता.

या भांडणाकडे मुंबईहून कोणी तरी बारीक नजरेने पाहत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर ईस्ट इंडिया कंपनीचा वकील टॉमस मॉस्टिन पुण्यात दाखल झाला. पेशव्यांच्या घरातली फूट किती खोल आहे आणि तिचा उपयोग कसा होईल, याचा अंदाज घेणे हेही त्याचे काम होते. त्याने आपला सहकारी ब्रोम याला वेगळे काढून नाशिकला राघोबादादांकडे पाठवले. एका राज्याकडे दोन वकील गेले, यातच सगळे आले. आनंदवल्लीचा वाडा हा दुसरा दरबार आहे, हे दादांच्या आधी इंग्रजांनी ओळखले होते.

दादांनीही मग स्नानसंध्या आवरती घेतली. 1768 मध्ये त्यांनी अमृतरावाला दत्तक घेतले, म्हणजे आपल्या शाखेला वारस उभा केला, आणि फौज जमवायला लागले. गायकवाडांची कुमक आली. सुंदरनारायण बांधणारे गंगाधर यशवंत चंद्रचूडही दादांच्याच बाजूला उभे राहिले. 10 जून 1768 रोजी सातमाळा रांगेतल्या धोडपच्या किल्ल्याजवळ माधवरावाने हे बंड मोडले. दादांना पुण्याला नेऊन शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवले. चंद्रचूडांनाही कडक शासन झाले. गंगेकाठी देऊळ बांधले म्हणून पेशव्याने गय केली नाही. आनंदवल्लीची कवाडे काही काळ तरी मिटली.

पण माधवरावाच्या छातीत क्षयाने घर केले होते. 18 नोव्हेंबर 1772 रोजी थेऊरला तो गेला. गंगापूरच्या वाड्यात दुसऱ्या मुलाची बातमी पोहोचली. धाकटा नारायणराव पेशवा झाला. पुढच्या वर्षी तो आईच्या भेटीला गंगेवर येऊन गेला. त्या मायलेकरांचे काय बोलणे झाले ते कोणी टिपून ठेवलेले नाही. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावाला कापून काढले. पत्रातल्या 'धरावे'चे 'मारावे' करून 'ध'चा 'मा' केला तो आनंदीबाईने, असे महाराष्ट्र तेव्हापासून सांगत आला आहे. लोककथेने खुनाची लेखणी तिच्या हाती दिली. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी मात्र दोष दादांवर ठेवला होता.

तीन मुलगे, तिन्ही गेले. पहिला रणात, दुसरा रोगाने, तिसरा घरच्यांच्या कटात. सांगतात की त्यानंतर गोपिकाबाई वैराग्याने राहू लागल्या आणि सरदारांच्या दारी भिक्षा मागून त्या अन्नावर दिवस काढू लागल्या. कथेतला तपशील कमीजास्त असेल. पण पेशव्याच्या आईने सरकारी अन्नाला नकार द्यावा, ही कल्पना नाशिकच्या लोकांना खरी वाटली आणि त्यांनी ती जपली.

विरक्तीतही त्यांच्यातली राज्यकर्ती जागी होती. नारायणरावाचा मुलगा सवाई माधवराव 18 एप्रिल 1774 रोजी पुरंदरावर जन्मला आणि चाळीस दिवसांचा असतानाच पेशवा झाला. तो जाणता होऊ लागला तेव्हा गंगापूरच्या आजीने त्याला दिनचर्येचे कलमवार पत्र पाठवले. पहाटे केव्हा उठावे, व्यायाम कसा करावा, काय वाचावे, जेवताना कसे वागावे, दरबारात कसे बसावे, वडीलधाऱ्यांशी कसे बोलावे, अशी ती कलमे. मुलाच्या कारभारात हात घालून जे जमले नाही ते नातवाच्या सवयींतून साधावे, असा तो शेवटचा प्रयत्न दिसतो. 1788 मध्ये त्यांचे निधन झाले. पंचवीस वर्षे त्यांनी पुण्याबाहेर काढली.

आनंदवल्लीची गोष्ट मात्र तेवढ्यावर संपली नाही. बारभाईंनी, म्हणजे पुण्यातल्या कारभारी मंडळाने, दादांना हुसकावले. दादा इंग्रजांकडे गेले, त्यातून पहिले इंग्रज-मराठे युद्ध पेटले आणि 17 मे 1782 च्या सालबाईच्या तहाने ते विझले. तहात दादांना दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक ठरली. राहायला त्यांनी निवडले कोपरगाव, म्हणजे पुन्हा गोदावरीच. तिथे 11 डिसेंबर 1783 रोजी ते वारले. आनंदीबाई तेव्हा गरोदर होत्या. धाकटा मुलगा चिमाजी बापाच्या मृत्यूनंतर जन्मला. पुण्याचे कारभारी नाना फडणवीस यांनी हे कुटुंब पहाऱ्यात ठेवले, आणि काही वर्षांनी त्याला कोपरगावाहून आनंदवल्लीला हलवले. ज्या वाड्यातून आनंदीबाईंनी कधी अर्ध्या राज्याचे बेत ऐकले होते, तिथेच त्या आता नजरकैदेत परतल्या. 1794 मध्ये तिथेच त्यांनी डोळे मिटले. मुलांना लगोलग शिवनेरीवर नेण्यात आले. निजामाशी युद्ध तोंडावर असताना कटाला निमित्त मिळू नये, हा नानांचा हिशेब होता.

नशिबाचा हिशेब वेगळा निघाला. 27 ऑक्टोबर 1795 रोजी सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून गेला आणि गोपिकाबाईंचा वंश संपला. वर्षभर कारस्थाने झाली आणि 1796 च्या अखेरीस पेशवाईची वस्त्रे मिळाली ती दादा-आनंदीबाईंच्या मुलाला, दुसऱ्या बाजीरावाला. तीस वर्षे चाललेल्या भांडणात आनंदवल्ली जिंकली. नाशिकचा सरकारवाडा आता तिचा झाला. राघोबादादांना जी सरकारकी मिळाली नव्हती ती मुलाला मिळाली, पण तोवर तिच्यातला जीव गेला होता. 1802 च्या वसईच्या तहाने बाजीरावाने इंग्रजी फौज पदरी घेतली, नव्हे, तो तिच्या पदरी गेला. 1818 च्या वसंतात नाशिक लढाईवाचून इंग्रजांच्या हाती पडले, त्र्यंबकचा किल्लाही त्याच सुमारास गेला. पेशव्यांच्या जवाहिरातला एक हिरा नाशिकचे नाव घेऊन विलायतेला गेला. जगाच्या हिऱ्यांच्या यादीत तो आजही 'नासक' म्हणून ओळखला जातो. बाजीराव बिठूरला गेला, तेही गंगेकाठी. ती गंगा खरी, उत्तरेतली.

इंग्रजांनी सरकारवाड्याचे नाव बदलले नाही. तशी गरजच नव्हती. सरकार बदलले होते, शब्द तोच होता. फरक एवढाच, की नव्या सरकारातली माणसे वाड्यात राहत नसत. साहेब गावाबाहेर बंगल्यात, मोकळ्या हवेत, आणि वाड्यात कचेऱ्या. जिथे पेशव्यांच्या स्वारीची बिछायत पडायची तिथे कारकुनांची दप्तरे आली, मग पोलीस आले. 1840 मध्ये नाशिकमध्ये ग्रंथालय स्थापन झाले, आजचे सार्वजनिक वाचनालय, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या ग्रंथालयांपैकी एक. त्याचाही सुरुवातीचा बराच काळ याच वाड्यात गेला. शिपायांची ये-जा एका बाजूला आणि पुस्तकांची कपाटे दुसऱ्या बाजूला. अर्धी वाटणी अखेर अशी झाली म्हणायची.

1869 मध्ये नाशिक स्वतंत्र जिल्हा झाला, कलेक्टरसाहेब आले, कारभाराचे केंद्र हळूहळू जुन्या गावाबाहेर सरकत गेले. स्वातंत्र्यानंतर वाचनालय आपल्या जागेत गेले, पोलीसही गेले. आता वाडा राज्य संरक्षित स्मारक आहे. पुरातत्त्व विभागाने तिथे डागडुजी केली, वस्तुसंग्रहालय नेले. लाकडाला वाळवी आणि ओल, जोत्याला दर काही वर्षांनी येणारा पूर, दाराशी सराफ बाजाराची गर्दी, अशा तिहेरी वेढ्यात तो उभा आहे. गंगापूर आणि आनंदवल्लीच्या वाड्यांना ते भाग्य मिळाले नाही. तिथे पेशव्यांची बिऱ्हाडे शोधायला गेलात तर गंगापूर रोडवरचे टोलेजंग टॉवर, द्राक्षांचे मळे आणि नवश्या गणपतीच्या देवळात नवस फेडणाऱ्यांनी टांगलेल्या घंटा सापडतात. आनंदीबाई उरली ती गावाच्या नावात. गोपिकाबाईला तर तेवढेही मिळाले नाही. तिच्या गावाचे नाव धरणाला मिळाले.

आणि सरकारवाडा? पोलीस ठाणे वाड्यातून हलले तरी त्याने नाव बरोबर नेले. आजही फिर्यादीच्या कागदावर आणि वर्तमानपत्राच्या गुन्हेवृत्तात 'सरकारवाडा पोलीस ठाणे' असेच छापून येते. त्यामुळे नाशिकमध्ये रिक्षात बसून 'सरकारवाड्याला चला' म्हटले, की रिक्षावाला मीटर टाकायच्या आधी मागे वळून विचारतो, "कोणता सरकारवाडा, साहेब?"

गंगेकाठच्या या गावाला हा प्रश्न नवा नाही.